चार पाचरी

पहिली पाचर हातोडीच्या दोन ठोक्यांत निघाली.

“हळू हां, काका,” खालून स्नेहल म्हणाली.

गेणभाऊ गावचा जुना सुतार. शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून तो पाचर तळहातावर घेऊन पाहत होता. बोटभर लांब, सागाची, एका टोकाला निमुळती. एकतीस वर्षं भिंतीत राहून तिचा रंग तंबाखूसारखा झाला होता. त्याने ती सदऱ्याच्या खिशात टाकली. अजून तीन. चौथी निघाली की दारावरची गणेशपट्टी सुटी होणार. सुटी झाली की तिची मागची बाजू उजेडात येणार. आणि मागची बाजू उजेडात आली की हे घर जाणार.

एवढं शिडीवरच्या माणसाला ठाऊक होतं. खालच्या तिघांना नव्हतं.

शिडी धरून उभी होती ती वैजयंती. रखमाजीआबांची धाकटी लेक. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाल्यावर बापाच्या घरात राहायला आली. तिच्याशेजारी पुण्याहून आलेली स्नेहल, जुन्या वास्तूंची पाहणी करून यादी करणारी. सकाळी आत येताना दाराच्या ठेंगण्या चौकटीवर तिचं कपाळ आपटलं होतं, तिथं अजून लाल दिसत होतं. आणि ओट्यावर मोजपट्टी गुंडाळत बसलेला आदेश, रस्त्याच्या खात्यातला इंजिनियर, मूळचा निरगुडसरचा.

घर मंचरच्या कडेला. पूर्वी इथं नुसती ज्वारी असायची. आता दोन्ही अंगांना प्लॉट, समोर टाइल्सचं दुकान, आणि पुढून येणारा चौपदरी रस्ता. जोत्याच्या कोपऱ्यावर लाल रंगाची फुली होती. आदेशच्याच माणसांनी मारलेली. घराचं नाव यादीत चढलं तर रस्ता पलीकडच्या पडीक रानातून वळणार होता. न चढलं तर महिन्याभरात फुलीचा अर्थ सगळ्यांना कळणार होता.

“म्याडम, मी काय म्हंतो,” आदेश सकाळपासून तेच म्हणत होता, “घर एकतीस वर्षांचं हाये. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठं. मग मलाबी टाका की तुमच्या यादीत.”

“विटा एकतीस वर्षांच्या आहेत. खांब, तुळया, दारं जुन्या गावातली. गाव धरणात गेलं तेव्हा लोकांनी घरं उकलून आणली, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?”

“नका सांगू. आमची आत्याच गेली पाण्यात. म्हंजे घर गेलं तिचं. पण लाकूड काय, कुणीबी कुठूनबी आणतं. पुरावा कुठाय?”

“पट्टीवर शक कोरलाय. सतराशे चौदा.”

“आन् आणखी कुठं?”

आणखी कुठंही नव्हता. सगळं घर त्या एका फळीला टांगलेलं होतं.


रकाना ९. कारागीर

पण ही पट्टी काढायची वेळ आली कशी? त्याला गेणभाऊच कारण झाला. एका शब्दाने.

सकाळी वैजयंतीने त्याला बोलावून घेतलं होतं, “दादा, जुनं गाव तुमच्याएवढं कुणाला म्हाईत न्हाई, तुमी हवेच,” म्हणून. तो आला, चहा प्यायला, स्नेहलला खांबांवरच्या गेरूच्या खुणा दाखवल्या. पू एक, पू दोन म्हणजे पुढच्या पडवीचे खांब. मा म्हणजे माजघर. घर उकलताना त्यानेच घातलेल्या. स्नेहल हरखून फोटो काढत होती. तिच्या हातात चौदा रकान्यांचा फॉर्म होता. आठ रकाने भरत ती दाराशी आली आणि पट्टीपुढे थांबली.

मधे गणपती. दोन्ही बाजूंना आंब्याची पानं आणि पानांत एकेक पोपट. उजव्या पोपटाची चोच तुटलेली.

“लहानपणी आबांची विटी लागली व्हती तिला,” वैजयंती म्हणाली. “मरेस्तोवर सांगायचे.”

स्नेहल खुर्चीवर चढली. पानांच्या शिरांवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, “असा हात आता कुणाचा राहिला नाही. कोण असेल हा माणूस? नाव नाही, गाव नाही. कुणी केलं असेल हे?”

“मी,” गेणभाऊ म्हणाला.

शब्द तोंडातून सुटला तेव्हा त्याला स्वतःलाच धक्का बसला. एकतीस वर्षं त्याने तो बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. ती गेली, तेव्हाही नाही. पण एकतीस वर्षांत त्या पानांच्या शिरांवरून असं बोटही कुणी फिरवलं नव्हतं.

वैजयंती हसली. “काय दादा!”

आदेश मात्र हसला नाही. तो ओट्यावरून उठला. “काय म्हनले काका? म्याडम, ऐकलं ना? लिहून घ्या ते.”

“काका, तुम्ही दुरुस्ती केली असेल ना?” स्नेहल समजुतीने म्हणाली. “पॉलिश वगैरे?”

वैजयंतीचं हसू अर्ध्यावर थांबलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. दवाखान्यात रिपोर्ट हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तशी.

“आता शंका निघालीच आहे तर बघूनच घेऊ,” स्नेहल म्हणाली. “पुढची बाजू कुणी कितीही जुन्यासारखी करेल. मागची बाजू खोटं बोलत नाही. काका, तुम्हाला तर माहीतच असेल. हाताच्या वाकसाने तासलेलं असेल तर लहान लहान घाव दिसतील. वखारीत कापलेलं असेल तर मशीनच्या चकतीच्या गोल रेघा. निघते ना ही?”

“निघती,” वैजयंती म्हणाली. “दादांनीच बसवलीय.”


दुसरी पाचर

ही जरा अडून बसली. ठोकताना भिंतीतली माती गेणभाऊच्या डोळ्यांत पडली. त्याने डोळे मिटले.

जुनं गाव. खांब निघाले होते, कौलं निघाली होती, तुळया ट्रकने मंचरला गेल्या होत्या. मागे उभी राहिली होती ती एकटी चौकट, वरच्या गणेशपट्टीसकट, आजूबाजूच्या भिंतीच्या तुकड्यात. दाराची चौकट शेवटी काढायची, घराला आधी सगळं सोडू द्यायचं, मग उंबऱ्यावर दिवा लावून, नारळ फोडून तिला हलवायची, ही रीत. आबांनी दिवस ठरवला. पण मधे अमावस्या आली.

“आवसंला चौकट न्हाई हलवायची, गेणू,” आबा म्हणाले. “दोन दिसांनी काय बिघडतंय?”

दोन दिवसांत वर डोंगरात पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ गेला तेव्हा पाणी उंबरा बुडवून अर्ध्या चौकटीवर चढलं होतं. तो छातीभर पाण्यात उतरला. पट्टीला हात घातला. चारही पाचरी भिंतीतून चढलेल्या ओलीने फुगून भिंतीशी एकजीव झाल्या होत्या. हातोडी घसरत होती. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा त्याने पट्टी चौकटीसकट सोडली.

आबा इकडे नव्या जागेवर, पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर बसून होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. “पट्टी आणली का रं?”

“काढली,” गेणभाऊ म्हणाला. “माझ्याकडं हाये. वाळली की बसवू.”

आपण असं का बोललो हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नसतं. आबा त्याआधी चार दिवस जेवले नव्हते. त्या संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली.

मग त्याने स्वतःच्या उकललेल्या घराची मोठी तुळई घेतली. त्याच्या आज्याच्या आज्याने बसवलेली. तिच्या फळ्या पाडायला मोठी करवत लागते आणि करवतीला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस म्हणजे दुसरं तोंड. म्हणून तो तुळई वखारीत घेऊन गेला. चकती फिरली, फळी पडली. तीन महिने दार लावून तो ती कोरत बसला. आठवणीतून. पुढची बाजू. मागची बाजू भिंतीत जाणार, तिला कोण बघतंय म्हणून तशीच ठेवली. त्याचा बाप असता तर त्याने मागची बाजूही तासली असती, आणि वर याच्या पाठीत धपाटा घातला असता.

त्याच्या स्वतःच्या नव्या घराला तुळईच्या जागी लोखंडी अँगल बसला.

पुढे पंचवीस वर्षं त्याने काय केलं? नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोची खोकी ठोकली. दिवसाला साठ-सत्तर. मग प्लॅस्टिकचे क्रेट आले. मग ट्रॉलीच्या फळ्या बदलल्या. मग दारंही तयार मिळायला लागली. पटाश्या गोणपाटात बांधून माळ्यावर गेल्या.

“निघाली का हो, काका?”

“निघाली.”


काळा फोटो

डाव्या बाजूच्या दोन्ही पाचरी निघाल्यामुळे पट्टीचं डावं टोक भिंतीपासून सुटलं. दोन बोटं जातील एवढी फट.

“थांबा,” आदेश म्हणाला, “सगळी कशाला काढायची? माझा मोबाईल सरकवा आत. फ्लॅश मारा.”

गेणभाऊने मोबाईल घेतला, फटीत धरला, बटण दाबलं. आदेशने फोटो मोठा करून पाहिला. काळोख, एक जाळं, आणि कुंभारमाशीने मातीचं केलेलं घर.

“ह्या माशीला घ्या यादीत,” तो वैतागून म्हणाला. “तिचं तरी मूळ जागेवर हाये.”

वैजयंतीला हसू आलं नाही. तिने शिडी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की तिची बोटं पांढरी पडली होती. “दादा,” ती हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, “काय हाये तिथं?”

रस्त्यावरून भीमाशंकरची एसटी हॉर्न वाजवत गेली. खिडकीची तावदानं थरथरली.

“तिसरी काढा,” स्नेहल म्हणाली. तिचा आवाज मघापेक्षा कोरडा होता. “उजवीकडची. खोटी नोंद माझ्या हातून जायला नको, वैजयंतीताई. माफ करा.”


तिसरी पाचर

शिडी उजवीकडे सरकवली. आता गेणभाऊच्या नाकासमोर तो पोपट होता. चोच तुटलेला.

त्याने तिसऱ्या पाचरीवर अंगठा ठेवला आणि जरा रेटली.

ती हलली.

माघ सरत आला होता. भिंत कोरडी, लाकूड आटलेलं. हातोडीचीही गरज नव्हती. चिमटीत धरून ओढली असती तर बाटलीच्या बुचासारखी बाहेर आली असती. मग चौथी. मग पट्टी उलटी करून ओट्यावर ठेवायची. चकतीच्या गोल रेघा बघून ही मुलगी त्याच्याकडे मान वर करून बघणार. ‘खरंच तुम्ही?’ म्हणणार. मग फॉर्मवर त्याचं नाव लिहिणार. गेणभाऊ. सुतार. हे ह्यानं केलं. पुण्याच्या कुठल्यातरी कपाटात तो कागद राहणार, तो मेल्यावरही.

आणि घर नाही राहणार.

पोपटाकडे बघता बघता त्याला तो दिवस आठवला. पट्टी बसवली होती. आबांना धरून दाराशी आणलं. दिसत काही नव्हतंच. आबांनी हात वर केले. गणपतीची सोंड चाचपली, पानं चाचपली, डावा पोपट. मग हात उजव्या पोपटावर आला, चोचीवर आला. आणि थांबला.

चोच! त्याने आख्खी चोच केली होती. तीन महिने आठवून आठवून कोरताना पानाची एक शीर चुकली नव्हती, पण सुताराची आठवण ती, तुटलेलं तिला आठवलंच नाही. तिने मनातल्या मनात केव्हाच दुरुस्त करून टाकलं होतं.

आबांचं बोट त्या धड, टोकदार चोचीवर बराच वेळ होतं. मग त्यांनी हात खाली घेतला. “आली,” एवढंच म्हणाले. आणि वाकून आत गेले.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ हत्यारं न्यायला आला तर उंबऱ्यावर सागाचा एक कपचा पडलेला. बाजूला वरवंटा. आणि वर पोपटाची चोच नाही. आबा खाटेवर पाठ करून झोपलेले. दोघं त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत. आबा गेले तोवर नाही.

“काका?”

अंगठ्याखाली पाचर सैल होती.

“न्हाई निघत,” गेणभाऊ म्हणाला.

“म्हणजे?”

“फुगलीया. भित्तीशी एकजीव झालीया.” त्याने हातोडी उचलून भिंतीवर, पाचरीच्या बाजूला दोन ठोके घातले. माती सांडली. “ह्यापरीस जोर केला तर पट्टी उभी चिरंल. बरोबर गणपतीतून.”

“आता पाणी कुठं आलं फुगायला?” आदेश म्हणाला. “थंडी चाललीया, राव.”

“तू सुतार हायेस का?”

आदेश पुन्हा मोजपट्टी गुंडाळू लागला. गेणभाऊ असा चढ्या आवाजात कधी बोलत नसे. वैजयंतीने मान वर केली.

स्नेहल बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. चिरलेला गणपती तिच्या डोळ्यांपुढे आला असावा. “फटीतून हात जातो?”

“बोटं जात्यात.”

“मग घाला. काय लागतं ते सांगा. लाकूड तुम्हाला कळतं.”

शिडी पुन्हा डावीकडे. गेणभाऊने फटीत दोन बोटं घातली. कुंभारमाशीचं घर फुटलं. त्यामागे लाकूड. बोटांच्या टोकांना ते लगेच ओळखू आलं. गोल रेघ. तिच्याशेजारी गोल रेघ. तिच्याशेजारी आणखी एक. सारख्या अंतरावर, सारख्या खोलीच्या. विहिरीत दगड टाकल्यावर उठतात तशा.

“काय लागतंय?”

आबांच्या हातासारखाच त्याचा हात तिथं थांबला होता.

“घाव,” तो म्हणाला. “वाकसाचे. बारीक बारीक. आडवेतिडवे.”

“नक्की?”

“पन्नास वरसं वाकस धरलाय, बाई.”

“आन् मग मघाशी ते ‘मी’?” आदेशने शेवटचं विचारलं.

गेणभाऊने बोटं बाहेर काढली. नखांत माती गेली होती. “म्हातारा माणूस. बोललो काय तरी. कुणी चांगलं म्हनलं की आपलंच वाटतं.”

आदेशने मोजपट्टी खिशात घातली. “म्याडम, यांच्या बोटांवर रस्ता वळवणार का आता?”

“यांचं निवेदन म्हणून लिहिते,” स्नेहल म्हणाली. “सहीसकट. शिवाय पट्टी काढता येत नाही असंही लिहिते. खोटं ठरलं तर उत्तर मी देईन.”


चौथी पाचर

हिला कुणी हात लावला नाही.


सही

स्नेहलने फॉर्म ओट्यावर ठेवून उरलेले रकाने भरले. काळ: शके १७१४, गणेशपट्टीवरील कोरीव लेखानुसार. महत्त्व या रकान्यात ती बरंच लिहीत राहिली, ओळी समासात गेल्या. मग तिने कागद गेणभाऊकडे वळवला. “इथं, काका. निवेदन देणारे स्थानिक जाणकार.”

त्याने चष्मा लावला. वाचायला त्याला वेळ लागे, म्हणून तो वरपासून बोट ठेवत खाली आला. नऊवर थांबला.

कारागीर: अज्ञात.

“बरोबर आहे ना?” स्नेहलने विचारलं.

“बरोबर हाये.”

त्याने सही केली. शाळेत शिकलेली, एकेक अक्षर सुटं, ओळीला टेकलेलं. पेन परत देताना टोपण लावून दिलं.

स्नेहलची गाडी गेली. आदेश मोटरसायकलला किक मारून निघताना थांबला. “काका, पाचर खरंच फुगली व्हती का हो?” मग स्वतःच हात झटकून म्हणाला, “जाऊ द्या. मलाबी तो पोपट आवडला व्हता.”

गेणभाऊने खिशातल्या दोन पाचरी काढून जागच्या जागी बसवल्या. हातोडीचे दोन-दोन ठोके. मग शिडी उजवीकडे घेऊन तिसरीवर हातोडीचा एक हलका ठोका घातला. ती गप्प आत गेली. वैजयंती ते बघत होती. शिडी धरायला विसरली होती.

“दादा,” ती म्हणाली, “निघत व्हती ती.”

तो खाली उतरला. हत्यारं पिशवीत भरू लागला.

“मग मघाशी ‘मी’ म्हनलात ते खोटं, का आत्ताचं?”

त्याने पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. “चोच तुझ्या आबांनी तोडली,” तो म्हणाला. “ते खरं हाये. त्यात अक्षर खोटं न्हाई.”

वैजयंती पट्टीकडे बघू लागली. जरा वेळाने तिने पदर तोंडाला लावला. काय कळलं, किती कळलं, त्याने विचारलं नाही.

“च्या टाकते, दादा. बसा.”

“नगं. ऊन व्हायच्या आत पोचतो.”

हत्यारं गुंडाळायचं फडकं आत माजघरात राहिलं होतं, ते आणायला तो आत गेला आणि परत दाराशी आला. नवी चौकटही त्याने जुन्या घराच्या मापाने ठेंगणी ठेवली होती, आबांसारख्या उंच माणसाला कमरेत वाकावं लागे. वयाने गेणभाऊ आता इतका खचला होता की ताठ चालत गेला असता तरी डोक्याला काही लागलं नसतं.

तो वाकला, आणि बाहेर पडला.